पॉइंटांवरचं विमान

बंगळूरहून परत आल्यापासून गल्लीतल्या बायका विचारतात, काय काय पाहिलंत? बाग पाहिली का, राजवाडा पाहिला का, रेशमी साडी आणली का? बाग पाहिली, ती बसमधून. राजवाडा नाही पाहिला. साडी आणली नाही, कारण आहेत त्याच नेसून होत नाहीत. पण फुकटचं विमान कसं मिळता मिळता राहतं, ते मी नीट पाहून आले आणि तेच लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंतची. म्हणून वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं, असं मी म्हणणार नाही. समजलं नाही तर पुन्हा वाचावं.

हेब्बाळ

माझा मुलगा प्रकाश बंगळुरात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. शहराच्या उत्तरेला हेब्बाळ म्हणून भाग आहे, तिथे तिसऱ्या मजल्यावर तो आणि सून विद्या राहतात. मिरजेहून रेल्वेत एक रात्र काढली की बंगळूर येतं. रेल्वेबद्दल सांगण्यासारखं काही नाही. समोरचा माणूस घोरत होता.

हेब्बाळला मोठं तळं आहे. सकाळी त्यावर धुकं असतं, काठाला म्हशी असतात आणि धुकं निवळलं की बगळे दिसतात. मला वाटलं होतं, कॉम्प्युटरवाल्यांच्या गावात म्हशी नसतील. डिसेंबरचा महिना होता. तिथली माणसं जरा गारवा आला की कानटोपी, स्वेटर आणि वर मफलर घालतात. आमच्या तासगावात या थंडीत लोक द्राक्षबागेत सदरा काढून औषध मारतात.

पहिल्याच दिवशी मी चहा करायला उठले. साखरेसाठी कपाटाचं दार उघडलं तर आतल्या बाजूला एक रंगीत कागद चिकटवलेला. निळा समुद्र, वाळू, आणि वरून चाललेलं विमान.

"हे काय ग?" मी विद्याला विचारलं.

"आमचा देव्हारा, आई," ती म्हणाली. "रोज दर्शन घ्यायचं. प्रसाद काही मिळत नाही."

विद्या पुण्याची. तिकडे बँकेत नोकरी होती, लग्न झालं तशी ती सोडून इकडे आली. तिला कन्नड येत नाही. प्रकाश सकाळी जातो तो रात्री जेवायच्या वेळेला येतो. सन दोन हजार उजाडलं की सगळे कॉम्प्युटर गोंधळणार म्हणे, ते गोंधळू नयेत म्हणून हा आतापासून जागतो. लग्नाला तीन वर्षं होत आली, दोघं मिळून कुठे गेलेली नाहीत. कुठे म्हणजे म्हैसूरलासुद्धा नाही.

तो कागद कशाचा, हे प्रकाशने मला रविवारी समजावून सांगितलं. त्याच्याकडे बँकेचं कार्ड आहे. दुकानात ते दिलं की त्या वेळी पैसे द्यावे लागत नाहीत. दुकानदाराला बँक देते आणि हा पुढच्या महिन्यात बँकेला देतो. वेळेवर दिले तर व्याज नाही. वर जितकी खरेदी तितके पॉइंट जमा होतात. ते साठले की बँकेच्या पुस्तकातून एखादी वस्तू मागायची, ती फुकट घरी येते.

"पण लोक चुकतात कुठे, सांगू?" प्रकाश म्हणाला. तो मांडी घालून माझ्यासमोर बसला होता. लहानपणी पाढे म्हणायला बसायचा तसाच. "टोस्टर घेतला तर एका पॉइंटला चार आणेसुद्धा पडत नाहीत. सूटकेस घेतली तर त्याहून कमी. विमानाच्या तिकिटाला लावला तर त्याच पॉइंटचा रुपयाच्या वर भाव येतो. म्हणून मी थांबलोय. गोव्याची दोन तिकिटं."

हिशेब बरोबर होता. मी तो उलटसुलट करून पाहिला, मला त्यात खोट सापडली नाही.

"आता पुढचंही सांग आईंना," विद्या आतून म्हणाली.

"काय पुढचं?"

"गेल्या वर्षी एकाच्या तिकिटाचे झाले होते, आई. हा म्हणाला, दोघांचे होऊ देत. थांबलो. तेवढ्यात बँकेने तिकिटाचे पॉइंट वाढवले."

"मग?"

"मग आणखी थांबलो. आता डिसेंबर संपला की जुने पॉइंट बाद होणार. आहे त्यात दोन तिकिटं बसत नाहीत."

"थोडेच कमी आहेत," प्रकाश म्हणाला.

"ते कायमच थोडे कमी असतात," विद्या म्हणाली.

मला सून आवडते ती याच कारणाने. रडत नाही, टोचते.

माझी धाकटी बहीण कुसुम चामराजपेटेत असते. तिच्या नातवाचं लग्न माघात होतं. लग्नाच्या साड्या आणि भांडी प्रकाशने आपल्या कार्डावर घेतली होती. त्यांनी त्याला रोख पैसे द्यायचे आणि याने पॉइंट घ्यायचे, असं ठरलं होतं. मी विचारलं, "सोनं घेतलं का त्यांनी?"

"अजून नाही. पौष लागायच्या आत घेणार आहेत."

"मग ते घे की कार्डावर. मंगळसूत्राचं सोनं म्हणजे काही भांडी नव्हेत. त्यात तुझं गोव्याचं होऊन जाईल."

प्रकाश एकदम उठून उभा राहिला. "आई, हे मला कसं सुचलं नाही?"

विद्या हात पुसत बाहेर आली. त्या दिवशी तिने दोन प्रकारच्या पोळ्या केल्या. सुचवणारी मीच होते, हे इथे लिहून ठेवते.

चामराजपेट

पुढच्या रविवारी आम्ही तिघं कुसुमकडे निघालो. हेब्बाळपासून चामराजपेटेपर्यंत दोन बस आणि एक रिक्षा लागली. आम्ही उतरताना रिक्षावाला म्हणाला, "स्वल्प जास्ती कोडी, अज्जी." थोडे जास्त द्या, असा अर्थ. मी मराठीत विचारलं, "का?" त्याला मराठी आलं नसेल, पण "का" कळलं. तो हसला आणि मीटरचे घेऊन गेला.

चामराजपेटेत आल्यावर मला बरं वाटलं. घराला घर लागून, दारात रांगोळ्या, माडीवर शिवणयंत्रांचा आवाज, खाली पितळेची दुकानं. कुसुमच्या सासरची माणसं इथे कित्येक पिढ्या आहेत. घरात मराठी बोलतात, पण त्या मराठीला इथलं पाणी लागलेलं आहे. तिच्या नवऱ्याला घरातली आणि बाहेरची सगळीच अण्णा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. त्यांचं कापडाचं दुकान आहे.

"अक्का, किती वाळलीस ग!" कुसुम दारातच म्हणाली.

"तू फुगलीस. दोघींचं मिळून वजन तेवढंच राहिलं."

ते दिवस अवरेकाळूच्या शेंगांचे. आपल्या पावट्याचीच बहीण, पण इथले लोक तिच्यासाठी वेडे होतात. दाणे रात्री भिजत घालायचे आणि सकाळी एकेक चिमटीत दाबून सालीतून उडवायचा. कुसुम, मी आणि विद्या परातीभोवती बसलो. विद्याचा पहिला दाणा अण्णांच्या चष्म्यावर गेला.

"असू दे, असू दे," अण्णा म्हणाले. "पुण्याचा नेम चांगलाय." मग प्रकाशकडे वळून, "काय रे, साड्यांचे मार्क आले काय?" ते पॉइंटांना मार्क म्हणत.

"आले, अण्णा."

"पास झालास?"

"स्वल्प कमी आहेत," प्रकाश त्यांच्याच भाषेत म्हणाला.

मी सोन्याचं काढलं. अण्णा म्हणाले, "सरी, चालतंय की. आपल्याला काय, अक्का? ह्या खिशातलं त्या खिशात. पोरं विमानात बसतील, आपण खालून बघू."

जेवायला मुद्दे होते. मुद्दे म्हणजे नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा, क्रिकेटच्या चेंडूएवढा. कोणी मला सांगितलं नाही की तो चावायचा नसतो. मी चावला. तो माझ्या कवळीला असा धरून बसला की वरची कवळी गोळ्यासकट बाहेर आली. सगळी पंगत ताटात बघत हसू दाबत होती. मी म्हटलं, "हसा. मला दुसरी कवळी नाही, तुम्हाला दुसरा तमाशा नाही." मग कुसुमने दाखवलं. बोटभर तुकडा घ्यायचा, सारात बुडवायचा आणि तसाच गिळायचा. अन्न न चावता गिळायचं, हे मला पटलं नाही, पण पोट मात्र दिवसभर शांत राहिलं.

जेवण झाल्यावर कुसुम आम्हाला बाजारात घेऊन गेली. शेंगा विकणाऱ्या बाईने माप ओतलं आणि कुसुमने पिशवी तशीच उघडी धरून ठेवली. "कोसरु?" ती म्हणाली. बाईने वर मूठभर शेंगा आणि कोथिंबिरीची काडी टाकली. मापाच्या वर जे घालतात त्याला इथे कोसरु म्हणतात. आपल्याकडे भाजीवाली कढीपत्ता टाकते तसंच, फक्त आपल्याकडे त्याला नाव नाही. नाव असलं की हक्काने मागता येतं.

"म्हणजे प्रकाशचे पॉइंट हे बँकेचं कोसरु," मी म्हटलं.

"तसंच की," कुसुम म्हणाली. तिने त्यातली अर्धी कोथिंबीर विद्याच्या पिशवीत घातली.

सराफाचं दुकान

दुसऱ्या दिवशी आम्ही पाच जण सराफाकडे गेलो. कुसुम, अण्णा, प्रकाश, विद्या आणि मी. प्रकाशने त्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. माझ्या माहितीत ही त्याची त्या वर्षातली पहिलीच रजा. विद्याने चांगली साडी नेसली होती. तिला बघून वाटलं, विमान दुकानाबाहेरच उभं आहे.

सराफ अण्णांच्या वयाचे, पिढ्यांच्या ओळखीतले. आम्हाला आधी कॉफी दिली. इथली कॉफी चांगली असते, आणि पेला आपल्या चहाच्या कपाहून लहान, म्हणजे उरत नाही. मग त्यांनी सोनं तोललं. मंगळसूत्राच्या दोन वाट्या वेगळ्या कागदावर ठेवल्या, त्यांना हळदकुंकू लावलं. कुसुमने डोक्यावर पदर घेतला.

प्रकाशने कार्ड पुढे केलं.

सराफांनी गल्ल्याखालून लोखंडी यंत्र काढलं. त्यात कार्ड ठेवायचं, वर कार्बनचा कागद घालायचा आणि दांडा या टोकाचा त्या टोकाला खर्रकन ओढायचा. दांड्यावर हात ठेवून ते म्हणाले, "कार्डाला दोन टक्के जास्ती पडतात, अण्णा."

"ते मी देतो," प्रकाश लगेच म्हणाला.

"पण जास्ती कशाला?" अण्णांनी विचारलं.

"बँक कापून घेते. वर मला पैसे चार दिवसांनी. उधारीच की ही, अण्णा."

अण्णांचा हात कोटाच्या खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. कुसुमने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला लगेच कळलं.

"उधारी?" कुसुम म्हणाली. "मंगळसूत्र उधारीचं?"

"मावशी, उधारी नाही ग ती," प्रकाश म्हणाला. "बँक ह्यांना पैसे देते."

"आणि तू बँकेला कधी देतोस?"

"पुढच्या महिन्यात. पण अण्णांनी मला आजच दिले तर..."

"म्हणजे तोवर पोरीच्या गळ्यातलं बँकेचं."

"मावशी, ते नुसतं कागदावर असतं."

"अरे, कागदावरच तर सगळं असतं," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्यांनी त्या दोन वाट्यांवर आपला पंजा पालथा ठेवला होता. "साड्या घेतल्या, भांडी घेतली, मी बोललो काय? मंडपसुद्धा तुझ्या कार्डावर घाल. हे नको, बाळा. हे हातातल्या पैशानं घ्यायचं. माझ्या लग्नात एकच वाटी होती, दुसरी पाच वर्षांनी केली. पण उधार नाही."

प्रकाशने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटत होतं, मी काही तरी बोलावं. आमच्यात मंगळसूत्राचं सोनं उधारीवर घेत नाहीत, हे मला काय माहीत नव्हतं? माझ्या गळ्यातल्या वाट्यांसाठी सासऱ्यांनी लग्न भुईमूग विकेपर्यंत लांबवलं होतं. पण दोन आठवडे कार्ड, पॉइंट, विमान ऐकून ऐकून कार्ड म्हणजे उधारी, हे माझ्या डोक्यातून निघून गेलं होतं. रंगीत कागदावर लिहिलं की उधारी ओळखू येत नाही.

सराफांनी यंत्र परत गल्ल्याखाली सरकवलं. अण्णांनी नोटांची जुडी काढली आणि रोख म्हणून घडणावळीत सूटही मागून घेतली. प्रकाशने कार्ड पाकिटात ठेवलं, आणि मग पाकीट खिशात ठेवायला त्याला फार वेळ लागला.

विद्या काचेतल्या बांगड्या बघत होती. बाहेर पडल्यावर ती एवढंच म्हणाली, "आई, इथे अजून एक कॉफी घेऊ या का?"

आम्ही दोघींनी उभ्या उभ्या कॉफी घेतली. प्रकाश रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला होता.

"चूक माझी होती," मी म्हटलं. "सुचवलं मी."

"तुम्ही नसतं सुचवलं तर मी आशा धरली नसती. बाकी काही फरक नाही," ती म्हणाली. आणि पेला ठेवून दिला.

पुन्हा हेब्बाळ

त्या रात्री जेवताना प्रकाश म्हणाला, "अजून उपाय आहे. आपण मोठा टीव्ही घेऊ. तेवढ्यात पॉइंट होतात."

"आपल्याकडे टीव्ही आहे," विद्या म्हणाली.

"तो विकता येईल."

"प्रकाश," मी म्हटलं, "फुकटच्या तिकिटासाठी टीव्ही विकत घ्यायचा, तर तिकीटच विकत का घेत नाहीस?"

"आई, तिकीट विकत घ्यायचं असतं तर पॉइंट कशाला जमवले असते?"

तो हे खरंच मनापासून बोलला. हा मुलगा लहानपणी गोट्या जमवायचा. कधी खेळला नाही, फुटतील म्हणून. तेव्हा मला तो फार शहाणा वाटायचा.

विद्या उठली. आतून बँकेचं पुस्तक घेऊन आली आणि त्याच्यामागचा मागणीचा कागद तिने फाडून प्रकाशच्या ताटाशेजारी ठेवला. त्यावर तिने एका चौकोनात खूण केली होती.

"सही कर."

"हे काय? सूटकेस?" प्रकाशचा घास हातातच राहिला. "विद्या, सगळ्यात वाईट भाव ह्यालाच आहे! ह्याच्यापेक्षा टोस्टर बरा!"

"टोस्टर घेऊन मी कुठे जाऊ?"

"आणि सूटकेस घेऊन कुठे जाणार आहेस?"

"सूटकेस यायला महिना तरी लागेल, असं लिहिलंय. मी तोवर थांबणार नाही. आईंबरोबर तासगावला जाते. आहे त्या पिशवीतून."

"किती दिवस?"

"तुझे पॉइंट पूर्ण होईपर्यंत," ती म्हणाली.

आमटीत कुसुमने दिलेली कोथिंबीर होती. विद्याने ती आल्या आल्या सगळी चिरून टाकली होती, कोसरु साठवून ठेवत नाहीत म्हणून. तेवढी चव मात्र लागत होती.

मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, नवरा-बायकोने भांडावं, पण एका घरात राहून. कोणी विचारलं नाही. विद्याने मला विचारलं ते एवढंच, "आई, मी आले तर चालेल ना?"

"ये. पण आमच्याकडे पाहुण्याला दोन दिवस. तिसऱ्या दिवशी विहिरीवर."

"चालेल."

प्रकाशने सही केली. सही करताना तो कागदाकडे नाही, कपाटाच्या दाराकडे बघत होता. दार उघडंच होतं आणि तिथला निळा कागद विद्याने आधीच काढून घेतला होता. नुसते चार कोपऱ्यांना चिकटपट्टीचे तुकडे राहिले होते.

तासगाव

विद्या माझ्याकडे आली. तिसऱ्या दिवशी विहिरीवर गेली, हात सोलून घेतले, पाचव्या दिवशी शिकली. बायका येऊन विचारायच्या, सून एवढे दिवस कशी? ती सांगायची, "सूटकेसची वाट बघतेय." त्यांना काही कळायचं नाही. मी समजावायच्या भानगडीत पडले नाही.

घरी फोन नाही. आमच्या गल्लीतल्या औषधवाल्याकडे प्रकाशचा फोन यायचा. आधी आठ दिवसांनी, मग चार दिवसांनी, मग रोज. कार्डाबद्दल तो काही बोलायचा नाही. दूध नासलं, गॅस संपला, तळ्यावर कसले तरी पाहुणे पक्षी आलेत, असं सांगायचा. तो तळ्यावर केव्हा जायला लागला, मला माहीत नाही.

संक्रांत होऊन गेल्यावर एका संध्याकाळी मी औषध आणायला गेले होते, विद्याही बरोबर होती, तेवढ्यात फोन वाजला. दुकान रिकामं होतं, फोनमधला प्रकाशचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता.

"सूटकेस आली."

"बरं," विद्या म्हणाली.

"चांगली आहे. चाकं आहेत खाली."

"बरं."

"विद्या, मी काय करू हिचं?"

विद्याने औषधवाल्याकडे पाहिलं. तो बिचारा कॅलेंडर वाचू लागला. मग ती म्हणाली, "भरून घेऊन ये. आपण इथून एस.टी.ने मालवणला जाऊ. समुद्र तोच आहे."

त्या शनिवारी प्रकाश आला. मिरजेहून एस.टी.ने. आमच्या गल्लीत फरशी नाही, त्यामुळे चाकाच्या सूटकेसचा उपयोग शून्य. तरी तो ती ओढतच आणत होता आणि गटाराच्या कडेला एक चाक निखळलं. ते त्याने उचलून खिशात घातलं. विद्या दारात उभी होती. ती पुढे झाली आणि दोघांनी दोन बाजूंनी ती आत आणली.

ती दोघं परसात हातपाय धुवायला गेली तेव्हा सूटकेस चुलीपाशी मध्येच पडली होती. मी बाजूला करायला गेले, तर जड लागली. म्हणून उघडली. वर कुसुमने दिलेल्या अवरेकाळूच्या शेंगा होत्या, प्रवासात जरा मऊ पडलेल्या. त्याखाली शर्ट होते, आठवडाभर तरी पुरतील एवढे. ऑफिसचा कागद एकही नव्हता. मी तळापर्यंत हात घालून पाहिला. बँकेचं पुस्तकही नव्हतं.